आधीची शिक्षा कधी मोजली जाते?

सावेडीत घरफोडी झाली, आरोपी पकडला गेला की बातमीत ‘सराईत गुन्हेगार, दहा गुन्हे दाखल’ असं हमखास येतं. शिक्षा ठरवताना न्यायालयाला मात्र दाखल गुन्ह्यांशी फारसं देणंघेणं नसतं. शिक्षा वाढते ती आधी दोष सिद्ध झालेला असेल तर. तोही मुद्दा नव्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरल्यानंतरच तपासला जातो. जुन्या पापांवरून नवा आरोप खरा मानण्याचा मोह टळावा, म्हणून हा क्रम.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 13 नुसार नाणी-नोटांच्या किंवा मालमत्तेच्या गुन्ह्यात तीन वर्षं वा अधिक कैदेस पात्र असा दोष पूर्वी सिद्ध झाला असेल, आणि पुन्हा तसाच गुन्हा घडला, तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपही होऊ शकते. खून या कलमात नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं.

बलात्काराच्या पुनरावृत्तीसाठी जुन्या भारतीय दंड संहितेत 2013 मध्ये 376-ई हे कलम आलं. त्याची कसोटी मुंबईच्या शक्ती मिलच्या आवारातल्या दोन सामूहिक बलात्कारांच्या खटल्यांत लागली. दोन्ही खटल्यांचे निकाल लागोपाठ लागले. एकातली दोषसिद्धी दुसऱ्यात ‘आधीची’ धरून एप्रिल 2014 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. एवढ्या कमी अंतराने लागलेल्या निकालाला ‘आधीचा’ म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे कलम घटनात्मक ठरवलं, पण नोव्हेंबर 2021 मध्ये फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली.