कोअर फाइलचा पंचनामा
(यंत्राच्या पोटात : लेखांक ९)

‘सेगमेंटेशन फॉल्ट (कोअर डम्प्ड)’. लिनक्सवर सी शिकणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ लवकरच भेटते. मग बहुतेक जण एकच करतात : प्रोग्राममध्ये चार ठिकाणी प्रिंटएफ पेरायचे आणि तो पुन्हा चालवायचा. कंसातल्या दोन शब्दांकडे लक्ष जात नाही. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी त्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून ठेवली आहे, असं ऑपरेटिंग सिस्टिम तिथं सांगत असते. ती फाइल डीबगर कशी वाचतो, हा आजचा विषय.

उदाहरण इथलंच घेऊ. आमच्या कामथडी गावापासून जवळ, धांगवडीला, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने गावच्या दूध संकलन केंद्रासाठी सीमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहिला आहे, असं समजा. सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ घ्यायचे आणि दहा दिवसांचं बिल काढायचं. यादीत नसलेला क्रमांक कुणीतरी टाकतो, शोधणारं फंक्शन रिकामा पॉइंटर परत करतं, पुढचं ‘दर_काढ’ हे फंक्शन तो न तपासता वापरतं, आणि प्रोग्राम जागच्या जागी संपतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर आपल्याकडच्या कित्येक तुकड्या पॉइंटर शिकल्या. पण पॉइंटर चुकल्यावर काय करायचं, ते आपल्याकडे वर्गात फारसं शिकवत नाहीत. परीक्षेत त्याला गुण नसतात, हे त्याचं सरळ कारण.

पहिली समजूत काढून टाकू. कोअर फाइल म्हणजे मेमरीची संपूर्ण नक्कल नव्हे. कधीकाळी ती तशी असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती : २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या मापात हे सगळं मिळून १० किलोबाइट भरतं. त्या पिढीच्या यंत्रांची मेमरी अख्खी कागदावर छापून काढता येई आणि माणसं पेन्सिल घेऊन ती वाचत. ‘कोअर’ हे नाव त्या कड्यांचं. कड्या गेल्या, नाव उरलं. आजची एखादी प्रोसेस सहज काही गिगाबाइट मेमरी वापरते आणि तिच्यातला बराच भाग जशाच्या तशा स्वरूपात आधीच डिस्कवर असतो : खुद्द प्रोग्रामचा कोड, सी लायब्ररीचा कोड, न बदलणारा मजकूर. तो पुन्हा कशाला लिहायचा? म्हणून लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला ‘कोअरडम्प फिल्टर’ असतो. त्याच्या नेहमीच्या मांडणीत स्टॅक, हीप आणि प्रोग्रामने स्वतः बदललेली पानं कोअरमध्ये जातात. फाइलमधून जसाच्या तसा चढवलेला कोड जात नाही. त्या फाइलच्या सुरुवातीचं एक पान मात्र मुद्दाम ठेवतात. का, ते पुढे येईलच.

आमच्या गावावरून पुणे–सातारा महामार्ग जातो, त्यामुळे अपघाताचा पंचनामा इथल्या लोकांना नवा नाही. गाडी कुठल्या दिशेला वळली, काच कुठे पडली, टायरच्या खुणा किती लांब, एवढं पंचनाम्यात येतं. गाडी कोणत्या कंपनीची, इंजिन किती ताकदीचं, हे पाहायला आरसी बुक काढावं लागतं. आणि आरसी बुक याच गाडीचं आहे ना, हे चासी नंबरवरून ताडून बघतात. डीबगरच्या हाती येणारी कोअर फाइल हा पंचनामा. आरसी बुक म्हणजे एक्झिक्युटेबल फाइल, आपण कंपाइल करून तयार केलेला प्रोग्राम.

आता फाइल उघडू. लिनक्सवर कोअर आणि एक्झिक्युटेबल दोन्ही एल्फ याच साच्यातल्या असतात. म्हणून जीडीबी हा डीबगर (रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलेला) दोन्ही फाइली बीएफडी या एकाच लायब्ररीतून वाचतो. कोअरमध्ये दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, मेमरीचे तुकडे : अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत हे बाइट होते. दुसरा, टिपणं : प्रत्येक थ्रेडची रजिस्टरं, कोणत्या सिग्नलने प्रोसेस संपली, प्रोग्रामचं नाव, आणि २०१२ पासून कोणती फाइल मेमरीत कुठल्या पत्त्यावर चढवली होती त्याची यादी.

तुम्ही जीडीबीला एखाद्या पत्त्यावरचे बाइट मागता, तेव्हा आत उतरंड असते. वरच्या थरात कोअर, खालच्या थरात एक्झिक्युटेबल. आधी कोअरमध्ये त्या पत्त्याचा प्रत्यक्ष मजकूर आहे का, ते पाहिलं जातं. असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर चढवलेल्या फाइलींची यादी चाळून, तो पत्ता ज्या फाइलीच्या वाट्याला येतो ती डिस्कवरून उघडली जाते. ही यादीच नसेल तर खालच्या थराला, म्हणजे एक्झिक्युटेबलच्या विभागांना, विचारलं जातं. एखादा भाग कोअरमध्ये नावापुरता नोंदलेला असतो पण त्याचा मजकूर नसतो. तो अगदी शेवटी, आणि सहसा शून्यं म्हणून वाचला जातो. कुठेच काही मिळालं नाही, तरच ‘कॅनॉट अ‍ॅक्सेस मेमरी’ हा निरोप येतो.

हे सगळं होतं ते तुमच्या नकळत. पडद्यावर फक्त बाइट दिसतात, कुठल्या थरातून आले ते दिसत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. डीबगर ‘मेमरी’ म्हणून जे दाखवतो, ती तीन-चार ठिकाणांहून गोळा करून जोडलेली असते.

बॅकट्रेस मागितल्यावर येणारी एकच ओळ घेऊ : ‘दर_काढ, नोंद = ०, लिटर = १२, दूध डॉट सी, ओळ २७’. इतकी छोटी ओळ, पण एका जागेवरून आलेली नाही. प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर थांबला, ते कोअरच्या टिपणातल्या रजिस्टरवरून कळलं. त्या पत्त्याला ‘दर_काढ’ म्हणायचं, हे एक्झिक्युटेबलच्या नावांच्या तक्त्याने सांगितलं. तो पत्ता म्हणजे २७ वी ओळ, हे कंपाइल करताना ‘-जी’ दिल्यामुळे फाइलमध्ये भरलेल्या डीबग माहितीतून आलं. ‘नोंद’ हा पॉइंटर आहे आणि तो स्टॅकवर कुठे सापडेल, हेही तिथूनच. पण त्याची किंमत शून्य आहे, हे कोअरमधल्या स्टॅकने सांगितलं. दर_काढला कुणी बोलावलं, हे शोधताना परतीचा पत्ता कोअरमधून घेतला जातो, आणि तो स्टॅकवर नेमका कुठे ठेवला असेल याचे नियम एक्झिक्युटेबलमधून. आणि २७ व्या ओळीचा सी मजकूर पडद्यावर उमटतो, तो कोअरमधलाही नाही आणि प्रोग्राममधलाही नाही. आज डिस्कवर जी दूध डॉट सी फाइल पडली आहे, ती उघडून तिची २७ वी ओळ छापली जाते. काल रात्री वर दोन ओळी वाढवल्या असतील, तर भलतीच ओळ दिसेल.

पत्त्यांचा आणखी एक गुंता आहे. हल्ली प्रोग्राम दर वेळी वेगळ्या पत्त्यावर चढतो, सुरक्षेसाठी. फाइल म्हणते, माझी सुरुवात १०६० वर. कोअरमधलं टिपण म्हणतं, सुरुवात ५६२१४८९३७०६० वर होती (दोन्ही आकडे सोळा पायाच्या पद्धतीतले, म्हणजे हेक्स). दोहोंतला फरक ५६२१४८९३६०००. फाइलमधल्या प्रत्येक पत्त्यात एवढी भर टाकली की दोन्ही फाइली एकमेकींवर नीट बसतात. ही वजाबाकी जीडीबी स्वतः करतो. लायब्रऱ्यांचीही अशीच सरकवासरकवी होते.

बहुतेकांची फसगत होते ती इथे. प्रोग्राम कोसळला, विद्यार्थ्याने घाईघाईत काहीतरी दुरुस्ती करून तो पुन्हा कंपाइल केला, आणि मग जुनी कोअर नव्या प्रोग्रामबरोबर उघडली. नव्या प्रोग्राममध्ये फंक्शनं इकडची तिकडे झालेली. जुना पत्ता आता कुठल्या तरी दुसऱ्याच फंक्शनच्या मध्यात पडतो, आणि डीबगर तेच नाव बिनदिक्कत सांगतो. चढवलेल्या फाइलींच्या यादीत फाइलीचा फक्त मार्ग असतो. त्या मार्गावर आज कोणती फाइल आहे, हे यादीला ठाऊक नसतं. आरसी बुक दुसऱ्याच गाडीचं निघालं तर तपास जिथे जाईल, तिथेच हाही जातो.

इथे चासी नंबर कामाला येतो. बहुतेक लिनक्स वितरणांत लिंकर प्रत्येक फाइलीत ‘बिल्ड-आयडी’ कोरतो. फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ती ओळख सहसा ४० हेक्स अंकांची असते. ती फाइलीच्या पहिल्या पानातच बसते, आणि म्हणूनच कोअर लिहिताना ते पान वगळत नाहीत. आता एक तक्रार. जीडीबीच्या कित्येक आवृत्त्या बिल्ड-आयडी जुळला तर ‘फाइल बरोबर’ म्हणत. पण जुळला नाही तर प्रोग्रामचं नाव बघत, आणि नाव तेच असेल तर एक शब्दही न बोलता पुढे जात. पुन्हा कंपाइल केलेल्या प्रोग्रामचं नाव तर तेच असतं! डीबगरच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. ‘फाइल’ ही साधी आज्ञा प्रोग्रामचा बिल्ड-आयडी दाखवते, ‘ईयू-अनस्ट्रिप’ कोअरमधला दाखवते. दोन्ही शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहा.

दुसरी फसगत अर्धवट कोअरची. डिस्क भरली किंवा आकारावर मर्यादा होती, म्हणून फाइल मध्येच तुटली. जीडीबी फाइल उघडताना इशारा देतो, पण तो इतर ओळींच्या गर्दीत वर निघून जातो. मग समजा ‘दर’ हे ग्लोबल चल सुरुवातीला ३० होतं आणि प्रोग्रामने ते बदलून ३६ केलं. ते पान कोअरमधून गळालं असेल, तर वाचन खालच्या थरावर उतरतं आणि एक्झिक्युटेबलमधली मूळ किंमत, ३०, दिसू शकते. चूक असल्याची कुठलीही खूण नाही. पाहणारा दर बदलणाऱ्या फंक्शनला दोष देत बसतो.

चालत्या प्रोसेसचं वाचन तरी थेट असतं का? तेही पूर्ण नाही. एक्स-८६ यंत्रांवर ब्रेकपॉइंट लावला की जीडीबी कोडमधला एक बाइट बदलून तिथे थांबण्याची सूचना ठेवतो. पण तुम्ही तीच जागा वाचायला सांगितली, तर आपण घातलेला बाइट लपवून मूळ बाइट दाखवतो. ही लपवाछपवी सोयीची आहे, मला तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता घरचा अभ्यास. ‘कोअर डम्प्ड’ दिसतं पण फोल्डरमध्ये फाइल सापडत नाही, असं अनेकांना होतं. उबुंटूवर ती सहसा अ‍ॅपोर्टकडे जाते. फेडोरासारख्या वितरणांत सिस्टिमडी ती ठेवून घेते आणि ‘कोअरडम्पसीटीएल’ या आज्ञेने परत देते. नेमकी वाट ‘कोअर_पॅटर्न’ या फाइलीत लिहिलेली असते. फाइल थेट फोल्डरमध्ये पडणार असेल, तर ‘यूलिमिट -सी’ शून्य नाही ना, तेही बघा. कोअर मिळाली की जीडीबीमध्ये ‘इन्फो फाइल्स’ द्या. कोणता पत्ता कोणत्या फाइलीच्या कोणत्या विभागातून वाचला जातोय, त्याची यादी समोर येईल.

आणि दुसऱ्याच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम, मग तो गावच्या डेअरीचा का असेना, देताना एक करा. दिलेली एक्झिक्युटेबल फाइल, तिची डीबग माहिती आणि त्या दिवशीचा सोर्स, तिन्ही बिल्ड-आयडीच्या नावाने फोल्डर करून जपून ठेवा. सहा महिन्यांनी कोअर हातात येईल, तेव्हा ‘आत्ता कंपाइल करून घेतो’ म्हणून भागत नाही. कंपाइलर बदललेला असतो. पुढच्या आठवड्यात डीबग माहितीच्या आत शिरू : २७ वी ओळ आणि पत्ता यांची गाठ ड्वॉर्फ नावाचा साचा कशी मारतो ते पाहू. तोवर एक कोअर तयार करून ठेवा, ती लागेल.