हलत्या चित्रातून एक फोटो

बिबवेवाडीत आमच्या शेजारच्या काकूंना लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या व्हिडिओतून आजीचा फोटो हवा होता. पॉज करून मोबाइलनं टिपला, तर चेहरा धूसर आणि वर ट्यूबलाइटची चमक! त्यापेक्षा ‘एफएफएमपेग’ बरं. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे मोफत साधन. बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करायची: कोणती फाइल, कितवा सेकंद, किती फ्रेम.

आपल्याकडच्या अशा कॅसेटवर सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे तासाला ९०,०००. गंमत अशी, की फाइलमध्ये ती सगळी पूर्ण नसतातच. अधूनमधून एक अख्खं चित्र, बाकी बहुतेक ठिकाणी ‘काय हललं’ एवढीच नोंद. मधली फ्रेम हवी, तर संगणक आधीच्या अख्ख्या चित्रापासून हिशेब जुळवत येतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास हलत्या चित्रातून फोटो काढण्याच्या नेमकं उलट केलं होतं: कुंडीतल्या वाटाण्याची एकेक फ्रेम टिपत त्याची वाढ पडद्यावर हलती दाखवली.

काकूंच्या फोटोत हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते आले. कॅसेटवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत साठवलेलं असतं, त्याचा हा प्रताप. एफएफएमपेगमधली ‘याडिफ’ नावाची चाळणी लावली, की ते जातात. फोटो मात्र पीएनजी स्वरूपात काढा, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल नको, मूळचीच घ्या.