मुलांच्या स्वादुपिंडाला सूज: पोट उघडण्याआधीचे आकडे

69 टक्के विरुद्ध 40 टक्के. नेदरलँड्समध्ये 88 रुग्णांवर झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा निकाल. स्वादुपिंडाचा भाग सडून त्यात जंतुसंसर्ग झालेल्यांचं थेट पोट उघडलं, तेव्हा 69 टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला. आधी नळी घालून पू काढला आणि लागली तरच पुढची शस्त्रक्रिया केली, त्या गटात हे प्रमाण 40 टक्के होतं. या दुसऱ्या गटातल्या 35 टक्के रुग्णांचं तर नुसत्या नळीवर भागलं.

2018 च्या अभ्यासात एंडोस्कोपी आणि छोट्या छेदांची शस्त्रक्रिया यांची 98 रुग्णांत तुलना झाली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू जवळपास सारखेच, 43 आणि 45 टक्के. पण स्वादुपिंडाचा रस झिरपत राहण्याचं प्रमाण एंडोस्कोपीनंतर 5 टक्के, शस्त्रक्रियेनंतर 32 टक्के. मुलांच्या दृष्टीने मला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. झिरपणाऱ्या रसासाठी पोटाला लावलेली पिशवी सांभाळत शाळेत जाणं कुठल्याच मुलाच्या वाट्याला येऊ नये.

अडचण अशी, की हे रुग्ण प्रौढ होते. मुलांत स्वादुपिंडाची सूजच मुळात वर्षाला लाखामागे साधारण 3 ते 13 जणांना होते, त्यामुळे अशी मोठी तुलना जमवणं कठीण. हैदराबादच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये मांडलेला, एंडोस्कोपीने बसवलेल्या धातूच्या स्टेंटचा, म्हणजे छोट्या पोकळ नळीचा, अनुभवही 21 मुलांचा होता.

या एंडोस्कोपीत सोनोग्राफीची सोय असलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात जाते. जठराला खेटून साचलेल्या द्रवात सुई टोचून स्टेंट बसवतात आणि द्रव जठरात उतरतो. पण त्या साचलेल्या द्रवाभोवती घट्ट आवरण तयार व्हायला साधारण 4 आठवडे लागतात. शिवाय दुर्बिणीचं टोक सुमारे 14 मिलिमीटर जाड, अगदी लहान मुलाच्या घशातून ते उतरत नाही. स्टेंटही बहुधा 3-4 आठवड्यांत काढावा लागतो, नाहीतर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा स्टेंट काढायच्या तारखेला दवाखाना चुकवू नये.

आवरण तयार होईपर्यंत थांबण्याच्या बाजूनेही आकडा आहे. 2021 च्या, 104 प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात नळी घालणं लांबणीवर टाकलेल्या गटातले 39 टक्के रुग्ण अँटिबायोटिक्सवरच निभावले.

मुलांत ही सूज पोटाला मार लागूनही येते. सायकलचा हँडल पोटात लागला की स्वादुपिंड मणक्यावर दाबलं जातं. वरून खरचटलंही नसेल, तरी पोटदुखी आणि उलट्या थांबत नसतील तर मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि तो मार आवर्जून सांगा.