बूट, पट्टा आणि शंभर मिली

डिसेंबर १९७८. हक्कभंगाच्या ठरावानंतर लोकसभेने इंदिरा गांधींची रवानगी तिहार तुरुंगात केली होती. दुसऱ्याच दिवशी, २० तारखेला, कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोलानाथ पांडे आणि देवेंद्र पांडे या दोन तरुणांनी आकाशात ताब्यात घेतलं. ते वाराणसीला उतरवायला लावून त्यांनी इंदिराबाईंच्या सुटकेची मागणी केली. शंभराहून अधिक प्रवासी काही तास त्यांच्या मुठीत होते. मागाहून कळलं, की पिस्तुलं खेळण्यातली होती आणि 'हातबॉम्ब' म्हणजे क्रिकेटचा चेंडू. पुढे दोघांनाही विधानसभेची उमेदवारी मिळाली आणि दोघंही आमदार झाले.

या घटनेतली मेख तारखांमध्ये आहे. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईकडे निघालेलं विमान लाहोरला पळवून नेण्यात आलं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आजच्या 'बीसीएएस'चं, म्हणजे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोचं, हे मूळ. कक्षाला वर्षही पुरं झालं नव्हतं आणि चेंडूच्या धाकावर विमान पळवलं गेलं. पण चेंडू कुठलं यंत्र अडवणार? त्याआधी, जानेवारी १९७१ मध्ये, श्रीनगरहून निघालेलं 'गंगा' हे विमान लाहोरला नेणाऱ्या दोघांकडेही खोटं पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्बच होता.

आज पुण्याला किंवा मुंबईला विमानतळावर आपण पट्टा काढतो, लॅपटॉप वेगळा ठेवतो, हात पसरून उभे राहतो. हे सगळं खरोखर कामाचं आहे, की नुसताच जाच? माझ्या मते प्रश्न असा विचारला, की उत्तर चुकतं. तपासणीचा काही भाग निश्चित कामाचा आहे. पण ती जितकी जाचक तितकी ती पक्की, ही जी आपली समजूत झाली आहे, तिला पुरावा नाही.

जिथे तपासणी जिंकली

आधी तिच्या बाजूचं. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत विमान पळवण्याचे १३० हून अधिक प्रकार झाले. प्रवाशांना हात लावला तर ते विमानाने फिरणंच सोडतील, या धास्तीने कंपन्या सरसकट तपासणीला विरोध करत होत्या. नोव्हेंबर १९७२ मध्ये अपहरणकर्त्यांनी एक विमान ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली आणि विरोध संपला. ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली पिशवी तपासणं बंधनकारक झालं. अपहरणांचा आकडा अक्षरशः कोसळला. विल्यम लँडिस या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये याचा हिशेब मांडला. तपासणी आणि पकडले जाण्याची वाढलेली शक्यता, या दोन्हींना त्याने श्रेय दिलं.

वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर या अभ्यासकांनी १९९३ मध्ये त्या यशाची दुसरी बाजू दाखवली. धातुशोधक यंत्रं आल्यावर विमानांची अपहरणं घटली, पण माणसं ओलीस धरण्याचे इतर प्रकार वाढले. म्हणजे दार बंद झालं, चोर खिडकीकडे वळला. तरीही दार बंद करायला नको होतं, असं कोणी म्हणणार नाही. २०२४ या एका वर्षात अमेरिकेच्या तपासणी नाक्यांवर ६,६७८ बंदुका-पिस्तुलं सापडली आणि त्यांतली ९४ टक्क्यांच्या आसपास भरलेली होती. बहुतेक मालक दहशतवादी नव्हते, विसराळू होते. पण भरलेलं पिस्तूल विसराळू माणसाच्या पिशवीतूनही विमानात जाऊ नये, हे उघड आहे.

धातूचं शस्त्र शोधणं, हे काम तपासणी करू शकते. अडचण पुढे सुरू होते.

वरातीमागून घोडं

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला चढवली गेली होती आणि तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. टोरांटोत बॅगा तपासणारं क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडल्यावर हातात धरायच्या वास घेणाऱ्या उपकरणावर काम भागवण्यात आलं. इथे प्रवाशाची कितीही झडती घेतली असती, तरी उपयोग शून्य होता. 'प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही' एवढा एक नियम काटेकोर पाळला असता, तर ते विमान वाचलं असतं. तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान बिनमालकाच्या बॅगेनेच उडवलं. २७० मृत्यू.

सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीच्या विमानतळावर उभं असताना चौघे बंदूकधारी सुरक्षा रक्षकांच्या गणवेशात, सुरक्षेच्या गाडीसारखी दिसणारी गाडी घेऊन थेट विमानापाशी आले. विमानातल्या कर्मचारी नीरजा भनोत यांनी त्यात प्राण गमावले. ते चौघे प्रवाशांच्या रांगेत कधी उभेच राहिले नव्हते.

पण नियम बनतात ते मुख्यतः रांगेतल्या माणसासाठी, आणि प्रत्येक नियमावर आधीच्या घटनेची तारीख कोरलेली असते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून आपल्या विमानतळांवर 'सीआयएसएफ' (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) आली. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीडने विमानात बुटातलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला, आणि पुढे अमेरिकेत बूट काढणं सक्तीचं झालं. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला आणि शंभर मिलीची मर्यादा आली. २००९ च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून नेलं, त्यानंतर अंगभर स्कॅन करणाऱ्या यंत्रांचा सपाटा लागला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त हे घोडं मग मांडवातून हलत नाही. अमेरिकेत सर्वांसाठी बूट काढण्याचा नियम जुलै २०२५ मध्ये उठला. रीडच्या प्रयत्नाला तोवर तेवीस वर्षं उलटून गेली होती.

आणि यांतलं पकडलं कोणी? रीडला आणि २००९ च्या तरुणाला सहप्रवाशांनी आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांनी आवरलं. नायजेरियातल्या त्या तरुणाच्या वडिलांनी तर स्वतः अमेरिकी दूतावासात जाऊन मुलाबद्दल सावध केलं होतं. द्रव स्फोटकांचा कट पाळतीतून उघड झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून पाठवलेल्या प्रिंटरमधले बॉम्ब सौदी अरेबियाने खबर दिली म्हणून मिळाले, आणि तरीही ब्रिटनमध्ये पहिल्या तपासणीत त्यातलं स्फोटक सापडलं नव्हतं.

पडद्यासमोरचे डोळे

यंत्रामागे बसलेल्या माणसाचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. क्ष-किरणांच्या पडद्यावर बॅग उलगडते ती रंगांत. धातू निळा, सेंद्रिय पदार्थ नारिंगी, मधलं काही असेल तर हिरवं. दिवाळीत लेकीकडे निघालेल्या आईच्या पिशवीतला बेसनाच्या लाडवांचा डबा तिथे एक घट्ट नारिंगी ठोकळा दिसतो. अनेक स्फोटकंही सेंद्रिय आणि घट्ट असतात, तीही नारिंगीच दिसतात. शेजारी चार्जरच्या वायरींचं भेंडोळं असलं, की जवान पट्टा थांबवतो, चित्र मागे घेतो आणि विचारतो, "ही बॅग कोणाची?" मग डबा उघडतो. कापडाची एक पट्टी पिशवीच्या चेनवर आणि कडांवर फिरवून यंत्रात घालतात. लाडू निर्दोष ठरतात. या झडतीत अपमान वाटण्यासारखं काही नाही. यंत्राला बेसन आणि बारूद यांतला फरक खात्रीने कळत नाही, एवढंच.

खरा कच्चा दुवा डोळ्यांचा आहे. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली, की लोकांच्या नजरेतून ती सुमारे ७ टक्के वेळा सुटत होती. तीच शंभरातल्या एकाच चित्रात ठेवली, की सुमारे ३० टक्के वेळा सुटू लागली. जे क्वचितच सापडतं ते नजरेला दिसेनासं होतं. विमानतळावर तर बॉम्ब लाखो बॅगांत एकही नसतो. म्हणून यंत्र मधूनमधून खोट्या बंदुकीचं किंवा बॉम्बचं चित्र खऱ्या बॅगेवर चढवून दाखवतं, तपासनीस जागा राहावा म्हणून. युरोपात तपासनीसाला पडद्यासमोर सलग वीस मिनिटांच्या वर बसवत नाहीत, तेही याचसाठी.

तरीही २०१५ मध्ये बाहेर आलेला आकडा धक्का देणारा होता. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या माणसांनी प्रवासी बनून बंदी असलेल्या वस्तू नेऊन पाहिल्या. ७० पैकी ६७ वेळा त्या पार झाल्या. तपासणी यंत्रणेच्या प्रभारी प्रमुखांना पद सोडावं लागलं. अर्थात यंत्रणा कुठे कच्ची आहे हे त्या परीक्षकांना ठाऊक होतं. रस्त्यावरच्या सामान्य गुन्हेगाराला ते ठाऊक नसतं आणि पकडलं जाण्याची भीती त्याला असते. म्हणजे ९५ टक्के दहशतवादी सुटतील असा याचा अर्थ होत नाही. पण पकडण्याची शक्ती आणि धाक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसलं. तपासणीचं पुष्कळसं यश धाकाचं आहे, आणि धाक साधी तपासणीही निर्माण करते.

मग विमान सुरक्षित कशाने झालं?

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी 'सुरक्षेचं नाटक' ही कल्पना रूढ केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर उड्डाण अधिक सुरक्षित झालं ते दोन कारणांनी, असं ते म्हणत आले आहेत: कॉकपिटचं दार मजबूत झालं, आणि प्रतिकार करायलाच हवा हे प्रवाशांना कळलं. जॉन म्यूलर आणि मार्क स्ट्यूअर्ट यांनी खर्च आणि लाभ यांचा हिशेब मांडला, त्यातही दार स्वस्त आणि मस्त ठरलं, तर विमानातले सशस्त्र मार्शल महाग पडले. दार प्रवाशाला जाणवतही नाही. त्यालाही दुसरी बाजू आहेच. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच भक्कम दाराआड स्वतःला कोंडून घेतलं आणि १५० जणांसह विमान आल्प्समध्ये आदळवलं.

माणसाला प्रश्न विचारण्याचंही असंच. एप्रिल १९८६ मध्ये हीथ्रोवर एका गरोदर आयरिश तरुणीची बॅग क्ष-किरणांतून बिनबोभाट पार झाली. एल अल या इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षा रक्षकांनी तिला प्रवासाबद्दल प्रश्न विचारले, उत्तरं जुळेनात, आणि बॅगेच्या तळात स्फोटक निघालं. ते तिच्या प्रियकराने तिच्या नकळत ठेवलं होतं. अमेरिकेने हाच धागा पकडून चेहरे आणि हावभाव वाचणारे अधिकारी नेमले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं, की सुमारे ९० कोटी डॉलर खर्चूनही हावभावांवरून हेतू ओळखणं नाणेफेकीपेक्षा फारसं बरं नाही. मोजक्या उड्डाणांसाठी, मुरलेल्या माणसांनी केलेली विचारपूस एक गोष्ट. लाखोंच्या रांगेत संशयाचा सूर लावणं ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात नाव, कातडी आणि पेहरावच पहिले डोळ्यांत भरतात.

जाच कोणाच्या वाट्याला

डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर भारताच्या तेव्हाच्या राजदूत मीरा शंकर यांना बाजूला घेऊन अंग चाचपून तपासलं गेलं. त्या साडीत होत्या. भारतात माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट आहे. तरीही एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी डॉ. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. कलामांनी कुरकूर केली नाही, संसदेत मात्र गदारोळ झाला. मला झडतीतून सूट असलेल्यांच्या यादीचंच नवल वाटतं. तपासणी धोक्यावर आधारलेली असेल, तर यादी पदांची कशी? दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर २०२१ मध्ये अभिनेत्री-नर्तिका सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ काढून पंतप्रधानांना सांगितलं, की दर प्रवासात आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. त्यांचं नाव सर्वांना माहीत होतं म्हणून ती मिळाली. बिननावाच्या अपंग प्रवाशाची तक्रार तिथल्या तिथेच विरते.

जाचाची किंमत रांगेबाहेरही पडते. मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगेरेन्झर यांच्या हिशेबाप्रमाणे ११ सप्टेंबरनंतरच्या वर्षभरात विमान टाळून गाडीने गेलेल्या अमेरिकनांमुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा बळी गेले. त्यामागे मुख्यतः भीती होती. पण नंतरच्या अभ्यासांनी बॅगांच्या वाढत्या तपासणीमुळेही प्रवासी घटल्याचं दाखवलं. शिवाय तपासणीबाहेरची गर्दी हेही लक्ष्य असतं. मॉस्कोत २०११ मध्ये आणि ब्रसेल्समध्ये २०१६ मध्ये बॉम्ब फुटले ते प्रवासी तपासणीच्या अलीकडच्या गर्दीत.

हिशेब मागायचा कसा

भारतात देशांतर्गत प्रवासासाठी तिकिटामागे २०० रुपये विमान सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून आकारलं जाऊ लागलं. पैसे आपले, अंग आपलं, वेळ आपला. मग काय मिळालं, हे विचारण्याचा हक्कही आपला. कोणत्या विमानतळाचं कोणतं यंत्र कुठे चुकतं, हे जाहीर करा असं कोणी म्हणणार नाही. पण गुप्त चाचण्या किती झाल्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्रुटींतल्या किती दुरुस्त झाल्या, हा गोषवारा संसदेपुढे ठेवल्याने कोणाही दहशतवाद्याचं फावणार नाही.

दुसरी मागणी, प्रत्येक नियमाला मुदत हवी. हे अशक्य नाही. नारळात तेल असतं म्हणून तो हातातल्या सामानात चालत नाही. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या भाविकांसाठी बीसीएएसने जानेवारी २०२५ पर्यंत ठरावीक मुदतीची सवलत दिली. अट इतकीच, की नारळ क्ष-किरणांतून, स्फोटक शोधणाऱ्या यंत्रातून आणि हाताने केलेल्या तपासणीतून पार व्हावा. कारण सांगितलं, पर्यायी तपासणी ठरवली, तारीख घातली. भाविकांच्या नारळासाठी जे जमलं, ते कृत्रिम पायासाठी, साडी-पगडीसाठी आणि शंभर मिलीच्या बाटलीसाठी जमायला हरकत नसावी. ज्या नियमाला त्याची मुदत संपताना स्वतःचा उपयोग सिद्ध करता येत नाही, तो सुरक्षेच्या नावाखाली चालवत राहण्याचं कारण उरत नाही.