विश्लेषण : इन्सुलिनने वजन वाढते, मग ते टाळायचे का?

टाइप-२ मधुमेहात गोळ्या पुरेनाशा झाल्या की डॉक्टर इन्सुलिन सुचवतात. त्यानंतर काही महिन्यांत वजनकाटा दोन-चार किलो पुढे सरकतो आणि अनेक रुग्ण परस्पर इंजेक्शन बंद करतात. ही भीती किती खरी, वजन नेमके कशामुळे वाढते आणि गोंदिया जिल्ह्यातील दरेकसासारख्या दुर्गम भागातील रुग्णांसाठी हे गणित वेगळे का ठरते, याचा हा आढावा.

मधुमेह आता शहरापुरता राहिला आहे का?

नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के आढळले. याच पाहणीच्या २०११ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते.

दरेकसा हे सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेले गाव. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचे छोटे स्थानक, जवळच हाजरा फॉल आणि कचारगडच्या गुहा ही त्याची ओळख. भोवती जंगल, धानाची शेती आणि मोठी आदिवासी लोकवस्ती. अशा भागात मधुमेहाचा रुग्ण पोट सुटलेला, बैठे काम करणारा असेलच असे नाही. तो सडपातळ, उन्हातान्हात राबणाराही असतो. वजनाचा प्रश्न येथे वेगळा होतो तो त्यामुळेच.

इन्सुलिनमुळे वजन खरोखर वाढते का?

वाढते. ते किती, हेही मोजले गेले आहे. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या गाजलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात नव्याने निदान झालेल्या रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. केवळ आहारावर भर असलेल्या गटाच्या तुलनेत इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ४ किलोंनी अधिक वाढले. ग्लिबेनक्लामाइड या गोळीच्या गटात ही वाढ १.७ किलो होती. म्हणजे वजन वाढवणारे इन्सुलिन एकटे नाही, काही जुन्या गोळ्याही ते करतात.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही पाहायला हवी. इन्सुलिन किंवा गोळ्यांनी साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत २५ टक्क्यांनी कमी झाली.

२०१२ मध्ये जाहीर झालेल्या ‘ओरिजिन’ चाचणीत ४० देशांतील साडेबारा हजार लोक होते. त्यात दीर्घकाळ परिणाम करणारे ग्लार्जिन इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन सुमारे सहा वर्षांत १.६ किलोंनी वाढले, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे अर्ध्या किलोने घटले. हृदयविकाराचा धोका इन्सुलिनने वाढला नाही आणि कमीही झाला नाही.

वजन वाढते ते कशामुळे?

पहिले कारण साध्या बेरीज-वजाबाकीचे आहे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. समजा, एखाद्याची रोज ६० ग्रॅम साखर अशी वाहून जाते. एका ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर रोज २४० आणि महिन्याला ७,२०० कॅलरी वाया जातात. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजेच खाणे तेवढेच असूनही महिन्याला जवळपास किलोभर वजन घटत होते. इन्सुलिनने साखर आटोक्यात आली की ही गळती थांबते. जेवण पूर्वीइतकेच राहिले, तर वाचलेल्या कॅलरी अंगावर दिसू लागतात. हा वेग कायम राहत नाही, काही महिन्यांनी वजन स्थिरावते.

दुसरे कारण इन्सुलिनच्या कामातच आहे. ते साखर पेशींत पोहोचवते, चरबी साठवायला मदत करते आणि साठलेली चरबी वितळू देत नाही. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते. इंजेक्शनचे इन्सुलिन त्वचेखालून थेट सर्व शरीरात पसरते, त्यामुळे स्नायू आणि चरबीला त्याचा वाटा जास्त मिळतो. सुरुवातीला शरीरात थोडे पाणीही साठते.

तिसरे कारण भीतीचे. साखर एकदम उतरली की घाम, थरथर, धडधड, चक्कर असा त्रास होतो. एकदा हा अनुभव आला की रुग्ण तो टाळण्यासाठी अधूनमधून खात राहतो. खरे तर अशा वेळी तीन चमचे साखर पुरते. ती सुमारे ६० कॅलरींची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून गरज असल्यास तेवढीच पुन्हा घ्यायची. प्रत्यक्षात बिस्किटांचा पुडा संपतो, वर गोड चहा होतो आणि चार-पाचशे कॅलरी पोटात जातात.

वजनकाट्यावरचा प्रत्येक किलो वाईट असतो का?

हा या विषयातला कळीचा प्रश्न. इन्सुलिन सुरू होण्यापूर्वी वर्षभरात आठ किलो घटलेल्या रुग्णाचे वजन नंतर चार किलो वाढले, तर ती झिजलेल्या शरीराची भरपाई आहे. त्यात स्नायूही परत येत असतात. ८५ किलोंचा माणूस ९० वर गेला, तर ती काळजीची बाब. दोघांच्या वहीत ‘वजन वाढले’ एवढीच नोंद होते, अर्थ मात्र उलट असतो.

यात भारतीय शरीराचे वेगळेपण मिसळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी अधिक ही भारतीय ठेवण त्यातून जगापुढे आली. म्हणूनच आपल्याकडे इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. इन्सुलिन घेणाऱ्याने वजनासोबत टेपने पोटाचा घेर मोजला, तर वाढ कुठे होते आहे याचा अंदाज येतो.

सडपातळ रुग्णांचे काय?

कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये ‘टाइप-५’ असे नाव देत मान्यता दिली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांच्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा होता. या रुग्णांत इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ही मुख्य अडचण नसते, इन्सुलिन तयारच कमी होते. सर्वच बारीक रुग्ण या प्रकारात मोडत नाहीत. कोणाचा मधुमेह कोणत्या प्रकारचा, हे तपासणीनंतरच ठरते. पण बालपणापासून अर्धपोटी राहिलेली पिढी जेथे आहे, तेथे ‘इन्सुलिनने जाडी येते’ हा शहरी सल्ला जसाच्या तसा लावणे धोक्याचे. ज्याच्या शरीरात इन्सुलिनच अपुरे आहे त्याने ते बंद केले, तर वजन झपाट्याने घटते आणि रक्तात घातक आम्ल साठून जीवावर बेतू शकते.

इन्सुलिन कधी टाळू नये?

साखर ३०० मिलिग्रॅमच्या वर, एचबीए१सी १० टक्क्यांहून अधिक, किंवा न प्रयत्न करता वजन घटणे, सतत तहान आणि वारंवार लघवी ही लक्षणे असतील, तर इन्सुलिनचा विचार लगेच होतो. गर्भारपण, मोठी शस्त्रक्रिया, गंभीर संसर्ग यांतही तेच भरवशाचे. अनेकदा ते काही आठवड्यांपुरते लागते आणि साखर आटोक्यात आल्यावर रुग्ण पुन्हा गोळ्यांवर येतो. ‘एकदा सुई लागली की कायमची’ हा समज सर्वांना लागू नाही.

पूर्व विदर्भात एक खबरदारी अधिक. येथे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय असेल, तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी फसवी ठरू शकते. तांबड्या पेशी लवकर नष्ट झाल्याने आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहूनच डोस ठरवावा लागतो. आपण सिकलसेल वाहक असल्याचे माहीत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वजन न वाढवणारे पर्याय आहेत का?

आहेत. मेटफॉर्मिन स्वस्त आहे, वजन वाढवत नाही आणि इन्सुलिनसोबत चालू ठेवल्यास इन्सुलिनचा डोस कमी लागतो. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे वजन दोन-तीन किलो घटते. पहिल्याचे पेटंट २०२० मध्ये, तर दुसऱ्याचे मार्च २०२५ मध्ये संपल्याने ती भारतात बरीच स्वस्त झाली. मात्र उन्हात राबणाऱ्याला पाणी कमी पडण्याचा आणि जननमार्गाच्या संसर्गाचा धोका असतो. इन्सुलिनची कमतरता असलेल्या बारीक रुग्णाने इन्सुलिन सोडून ही गोळी घेणे तर टाळायलाच हवे.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही औषधे साखर आणि वजन दोन्ही घटवतात. शरीर झिजत नसेल तर इन्सुलिनआधी यांचा विचार करावा, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सुचवते. टिर्झेपेटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले. पण महिन्याला हजारो रुपयांचा खर्च शेतमजुराच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय मुळात कृश असलेल्याचे वजन आणखी घटवणे हिताचे नाही.

इन्सुलिन घ्यायचे, पण वजन कसे रोखायचे?

इन्सुलिनचा प्रकार महत्त्वाचा. ब्रिटन-आयर्लंडमधील ७०८ रुग्णांच्या ‘फोर-टी’ अभ्यासात पहिल्या वर्षी दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इन्सुलिनने १.९ किलो, दोन वेळच्या मिश्र इन्सुलिनने ४.७ किलो, तर प्रत्येक जेवणाआधीच्या इन्सुलिनने ५.७ किलो वजन वाढले. साखर मात्र पहिल्या प्रकारात थोडी कमी आटोक्यात आली. म्हणून शक्य तेथे रात्रीच्या एका डोसने, साधारण १० युनिटने सुरुवात होते. डोस वजनाच्या प्रतिकिलो अर्ध्या युनिटच्या, म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीत ३० युनिटच्या पुढे गेला, तर केवळ तो वाढवत न राहता उपचारांचा फेरविचार हवा.

डोस कामाच्या हंगामाशीही जुळायला हवा. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर राबणाऱ्याला तोच डोस जास्त होतो आणि साखर उतरते. काम संपल्यावर हालचाल कमी होते, भात तेवढाच राहतो आणि वजन चढते. हंगाम बदलण्याआधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घेणे यासाठी गरजेचे.

ताटातला भात बंद करण्याची गरज नाही. तो वाटीने मोजून घ्यावा, डाळ आणि भाजी वाढवावी. इन्सुलिन सुरू करतानाच जेवणात रोज दोन-अडीचशे कॅलरींची कपात केली, तर गळती थांबल्याचा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. अर्थात, कृश रुग्णाने ही कपात करू नये.

इंजेक्शनची जागा रोज बदलावी. एकाच जागी टोचल्याने गाठी होतात, औषध नीट शोषले जात नाही आणि डोस विनाकारण वाढतो. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रतिमिलि असते, त्यासाठी लाल टोपीची सिरिंज वापरतात. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी केशरी टोपीची असते. यात अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात साठवणूकही महत्त्वाची. फ्रिज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून, पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांत संपवावी.

उपचार कुठे मिळतील?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील सर्वांची मधुमेह तपासणी अपेक्षित आहे. त्यासाठी आशा सेविका घरोघरी माहिती भरतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दरेकसा परिसरातील रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्र, सालेकसा येथील ग्रामीण रुग्णालय आणि पुढे गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असा मार्ग आहे. मजुरी बुडवून तेथवर जावे लागते, हे खरे. त्यामुळे एका फेरीत अधिकाधिक कामे उरकायला हवीत. महिन्यातून एकदा वजन आणि पोटाचा घेर, आठवड्यातून शक्य तितक्या वेळा साखर आणि साखर उतरल्याच्या वेळा, एवढ्या नोंदी वहीत घेऊन गेल्यास डॉक्टरांना डोस बदलणे सोपे जाते. वजन वाढल्याची तक्रार त्याच भेटीत स्पष्टपणे मांडावी. त्यावर डोस, इन्सुलिनचा प्रकार, सोबतची गोळी किंवा आहार यांपैकी काही ना काही बदलता येते. इंजेक्शन परस्पर बंद केले, तर हे सगळे मार्ग वापरण्याआधीच बंद होतात.