खेळयंत्र अनुकारक

एखाद्या संगणकीय यंत्राच्या वर्तनाची बिनचूक नक्कल करून त्या यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम निराळ्या रचनेच्या संगणकावर चालविणाऱ्या कार्यक्रमाला अनुकारक वा एम्युलेटर म्हणतात. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ खेळयंत्रांचे अनुकारक हा त्यांतील सर्वांत परिचित वर्ग होय. यांपैकी बरेचसे एकेकट्या व्यक्तींनी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, फावल्या वेळात तयार केलेले आहेत.

अनुकरणाची कल्पना मूळची व्यापारी गरजेतून आली. आय.बी.एम. कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा १४०१ सारख्या जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले ग्राहकांचे कार्यक्रम वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्रांत जुन्या यंत्रांच्या आज्ञा पाळण्याची सोय करण्यात आली. हौशी व्यक्तींच्या हाती हे तंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आले. कारण नक्कल करणारे यंत्र मूळ यंत्राच्या अनेक पट वेगवान असावे लागते व तसे घरगुती संगणक तेव्हाच सुलभ झाले. मरात फैझुल्लिन यांच्या आयनेस (१९९६) या अनुकारकासाठी ठरविलेली, आरंभी १६ बाइटांचे शीर्षक असलेली फाइलरचना आजही प्रचलित आहे.

हौशी लेखक बहुधा प्रथम हाती घेतात ते यंत्र म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचे फॅमिली कंप्यूटर. ते जपानमध्ये १९८३ साली व निराळ्या नावाने अमेरिकेत १९८५ साली विक्रीस आले. भारतातील बाजारांत १९९० नंतर त्याच्या नकला नाना नावांनी विकल्या जात. त्यामुळे येथील कित्येक मुलांनी मूळ यंत्राचे नावही न ऐकता त्यावरील खेळ खेळले आहेत. हे यंत्र एका माणसाच्या आवाक्यात येण्याइतके लहान आहे. त्याचा प्रक्रियक ६५०२ या १९७५ मधील प्रक्रियकावर आधारलेला असून तो सेकंदाला सु. १७·९ लाख स्पंदांनी चालतो. कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट आहे. चित्र काढण्यासाठी स्वतंत्र चित्रप्रक्रियक असून ध्वनीचे पाच मार्ग आहेत.

अनुकारकाचा गाभा म्हणजे एक आवर्तन होय. स्मृतीतून एक बाइट वाचावयाचा, त्याचा अर्थ लावावयाचा, नोंदकांत तदनुसार बदल करावयाचे व किती स्पंद खर्ची पडले ते मोजावयाचे. अधिकृत आज्ञासंकेत १५१ आहेत. ते एकेक करून लिहिणे चिकाटीचे काम असले, तरी अवघड नाही.

खरी अडचण काळाची आहे. मूळ यंत्रात प्रक्रियक, चित्रप्रक्रियक व ध्वनिमंडल एकाच वेळी चालतात. अनुकारकाला ते आळीपाळीने चालवून एककालिकतेचा आभास निर्माण करावा लागतो. जपानी व अमेरिकन आवृत्तीत प्रक्रियकाच्या एका स्पंदात चित्रप्रक्रियक तीन बिंदू पुढे जातो. एका रेषेत ३४१ बिंदू, एका चित्रात २६२ रेषा व सेकंदाला सु. ६० चित्रे असा हिशेब असतो. तो चुकला, तर काय होते हे सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) या खेळात दिसते. त्यात माथ्यावरील गुणांची पट्टी स्थिर राहून खालचे दृश्य सरकते. पट्टी कोठे संपली हे कळण्यासाठी कार्यक्रम चित्रप्रक्रियकातील एका निशाणावर नजर ठेवून थांबतो. शून्य क्रमांकाच्या चल आकृतीचा ठिपका पार्श्वभूमीच्या ठिपक्यावर येताच ते निशाण चढते. अनुकारकाने ते चढविले नाही, तर खेळ कोणतीही सूचना न देता तेथेच वाट पाहत राहतो. अनेक नवशिक्यांचा प्रयत्न याच ठिकाणी अडला आहे.

यंत्राचे दोषही उतरवून घ्यावे लागतात. अप्रत्यक्ष उडीच्या आज्ञेतील पत्ता २५६ बाइटांच्या पानाच्या शेवटच्या बाइटात सुरू होत असेल, तर ६५०२ त्याचा दुसरा भाग पुढील पानावरून न घेता त्याच पानाच्या आरंभाहून घेतो. तसेच एका रेषेत आठांहून अधिक चल आकृती दिसू शकत नाहीत. ही मर्यादा काढून टाकल्यास चित्र अधिक स्वच्छ दिसते खरे. परंतु काही खेळांनी आकृती मुद्दाम झाकण्यासाठी तिचाच उपयोग केला असल्याने अशी सुधारणा तेथे बिघाड ठरते. याखेरीज मोठ्या खेळांच्या कॅसेटींत स्मृतीचे भाग आलटून पालटून पुढे आणणारी जादा मंडले असतात. त्यांचे प्रकार पुष्कळ असून हौशी लेखकाचे काम बहुधा याच भागात अपुरे राहते.

निर्मात्यांनी अंतर्गत रचना प्रसिद्ध केलेली नसल्याने तिचे ज्ञान यंत्राच्या वर्तनावरूनच मिळवावे लागले. त्यासाठी लहान चाचणी-कार्यक्रम लिहून ते खऱ्या यंत्रावर चालवितात व निष्कर्ष ताडून पाहतात. सुपर फॅमिकॉम (१९९०) या पुढील यंत्राच्या बाबतीत काही कॅसेटींतील खास चकत्यांचे वेष्टन विरघळवून, त्यांची सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे घेऊन आतील कार्यक्रम वाचण्यापर्यंत मजल गेली. एकाच व्यक्तीने २००४ च्या सुमारास सुरू केलेल्या बीएसनेस या अनुकारकाने वेगापेक्षा तंतोतंतपणाला अग्रक्रम दिला. त्याला जुन्या अनुकारकांच्या अनेक पट शक्तिमान संगणक लागे व त्याबद्दल त्यावर टीकाही झाली. तथापि मूळ यंत्रे निकामी होत चालली असता त्यांच्या वर्तनाची सर्वांत विश्वसनीय लेखी नोंद अशाच अनुकारकांत उरते, हे ध्यानात घेतल्यास तो आग्रह योग्य वाटतो.

कायद्याच्या दृष्टीने अनुकारक व खेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० मध्ये, अनुकारक तयार करताना अभ्यासासाठी मूळ यंत्रातील कार्यक्रमाची प्रत करणे हा न्याय्य वापर ठरविला. खेळांच्या प्रती परवानगीविना वाटण्यास मात्र या निर्णयाचा आधार मिळत नाही.

काही गोष्टी कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर राहतात. डक हंट (१९८४) या खेळातील बंदूक ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरील प्रकाश टिपून नेम ओळखते. सपाट पडद्यावर ती चालत नाही. म्हणून अनुकारकात तिच्या जागी संगणकाच्या माउसने दाखविलेला बिंदू घेतात.