सुखना तलावाचा गाळ आणि सुखोमाजरीचे पाणी
चंदीगडचा सुखना तलाव १९५८ साली बांधण्यात आला. परंतु तो लवकरच गाळाने भरू लागला. पुष्कळसा गाळ सुखोमाजरी गावच्या उजाड टेकड्यांवरून येत असल्याचे आढळले. तेथे शेळ्या मोकाट चरत. चराई थांबविल्यास लाभ शहरास, तोटा मात्र गोरगरीब पशुपालकांस. अशी बंदी टिकावी कशी? १९७६ पासून तेथे मातीचे बंधारे बांधले गेले व पाण्यात प्रत्येक कुटुंबास सारखा वाटा मिळाला. भूमिहीनांसही मिळाला, हे विशेष होय. आपला वाटा त्यांना विकता येई. डोंगर राखला नाही तर बंधाराच गाळाने भरेल, हे जाणून गावकऱ्यांनी स्वतःच चराई आवरली. गवत माजले, शेळ्या घटून म्हशी वाढल्या आणि तलावात येणारा गाळही बराच कमी झाला.